डिसेंबरअखेर गाराचिकोला जायचे असेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपण, आपल्या पत्नी, दहा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सत्तरीच्या आई असे चौघे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरीफे या बेटावर पाच रात्री राहणार आहात. मुक्काम दक्षिण किनाऱ्यावरील कोस्ता आदेखे येथे ठरला आहे. २७ तारखेला भाड्याच्या गाडीने मास्का हे डोंगरातले खेडे, उत्तर किनाऱ्यावरचे गाराचिको आणि इकोद गावचा प्रसिद्ध ड्रॅगन वृक्ष एकाच दिवसात पाहून परतायचे आहे, आणि गाराचिकोच्या लाव्हातील डोहांत मुलाला पोहता यावे यासाठी अर्धा दिवस पुरेल का, हे आपण विचारले आहे. आपण मूळचे रत्नागिरीचे असल्याने समुद्राची भीती नाही, असेही आपण लिहिले आहे.

भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या कॅनरी बेटांवरील सहली आखणे आणि त्यांच्यासोबत हिंडणे हे गेली बरीच वर्षे माझे काम आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. वेळेपुरते उत्तर द्यायचे तर अर्धा दिवस पुरतो. गाराचिको हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव असून त्याचा जुना भाग तासाभरात चालून होतो. मात्र तिथे किती तास द्यावेत यापेक्षा कोणत्या दिवशी जावे, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि २७ ही तारीख आजच पक्की करून आपण नेमका तोच सोडून दिला आहे. कोकणातला आपला अनुभवही येथे मदत करण्याऐवजी फसवण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कोकणात समुद्र खवळतो तो पावसाळ्यात. आभाळ भरून येते, वारा सुटतो, पाऊस कोसळतो आणि त्यासोबत लाटा चढतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात आणि डिसेंबरपर्यंत किनारा शांत झालेला असतो. त्यामुळे स्वच्छ ऊन आणि पडलेला वारा म्हणजे निर्धोक समुद्र, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. तेनेरीफेच्या उत्तर किनाऱ्यावर हे समीकरण चालत नाही. साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात उत्तर अटलांटिकमध्ये मोठी वादळे होतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा शेकडो मैलांचा प्रवास करून या किनाऱ्यावर येऊन धडकतात. वादळ दूर कुठेतरी असते. गाराचिकोत मात्र निरभ्र आकाश असते, वारा नसतो, आणि कातळावर घराएवढ्या उंचीचे पाणी फुटत असते. या लाटांमधील अंतर जास्त असते आणि त्या टोळीने येतात. दहा मिनिटे पाणी निमूट राहते, पर्यटक खडकावर उतरून छायाचित्रे काढू लागतात, आणि मग एकामागून एक तीन-चार मोठ्या लाटा येतात. या किनाऱ्यावर माणसे वाहून जातात ती बहुधा अशा वेळी.

दुसरी गोष्ट अशी की आपला मुक्काम ज्या बाजूला आहे ती बाजू या लाटांच्या आडोशाला आहे. उत्तरेकडून येणारी लाट बेटच आडवे असल्याने आणि ढग व दमट वारा मधोमध तेइदेचा ३,७०० मीटरहून उंच ज्वालामुखी आणि त्याभोवतीचे डोंगर असल्याने, यांपैकी बरेचसे दक्षिणेपर्यंत पोहोचत नाही. सकाळी हॉटेलच्या खिडकीतून दिसणारा शांत समुद्र पाहून गाराचिकोबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये. बेट एकच असले तरी किनारे दोन आहेत असे समजूनच आखणी करावी.

आता डोहांविषयी. ते पाहण्यापूर्वी गावाचा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे आहे, कारण ते डोह त्या इतिहासाचाच भाग आहेत. १४९६ मध्ये कास्तील या स्पॅनिश राज्याने हे बेट जिंकल्यानंतर क्रिस्तोबाल दे पोन्ते या जिनोव्हाच्या सावकाराने येथे वसाहत उभी केली, आणि पुढील दोन शतके गाराचिको हे तेनेरीफेचे प्रमुख बंदर होते. साखर आणि त्यानंतर माल्वासिया जातीच्या द्राक्षांची वारुणी येथून युरोपात व अमेरिकेत जात असे. या गावाच्या वाट्याला संकटेही कमी आली नाहीत; १६४५ मध्ये डोंगरावरून आलेल्या पुराने मोठी हानी केली आणि १६९७ मध्ये आगीने गावाचा बराच भाग गिळला. शेवटचा घाव ५ मे १७०६ रोजी बसला. गावाच्या वरच्या डोंगरात ज्वालामुखीचे तोंड फुटले, लाव्हाचे अनेक फाटे उभ्या कड्यावरून खाली उतरले, त्यांनी गावाचा काही भाग गाडला आणि बंदराची खाडी जवळजवळ बुजवून टाकली. व्यापार पूर्वेकडे, आज पुएर्तो दे ला क्रूझ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंदराकडे आणि पुढे सांता क्रूझकडे सरकला. गाराचिको मागे राहिले, आणि मागे राहिल्यामुळेच त्याच्या जुन्या गल्ल्या, लाकडी सज्जे आणि मठांच्या इमारती टिकून राहिल्या असे मला वाटते. दक्षिणेकडच्या हॉटेलांच्या रांगा पाहून आल्यावर हा फरक मुलाच्याही लक्षात येईल.

समुद्रात शिरलेला तो लाव्हा थंड होऊन गोठला, तडकला, आणि त्याच्या फटींत व खळग्यांत भरतीचे पाणी साचून डोह तयार झाले. त्यांनाच एल कालेतोन म्हणतात. कातळावरून जाण्यासाठी पायवाटा आणि पायऱ्या बांधलेल्या आहेत, पाण्यात उतरण्यासाठी लोखंडी शिड्या आहेत. महाराष्ट्रातील माणसाला या दगडाचे अप्रूप वेगळ्या कारणाने वाटायला हवे. आपला सह्याद्री ज्या दगडाचा आहे तोही लाव्हापासून झालेला बेसाल्टच. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्याच्यातच कोरलेली आहेत. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, झिजलेला आणि मातीने झाकलेला आहे. गाराचिकोचा कातळ मात्र बाजीराव पेशवे लहान मूल होते तेव्हाचा आहे. त्याच्या कडा अजून धारदार आहेत आणि अनवाणी पायाला त्या चिरतात. रबरी तळव्याचे, पाण्यात घालता येतील असे बूट चौघांसाठी बरोबर ठेवावेत. चपला घालून त्या कातळावर चालू नये, ओल्या आणि शेवाळलेल्या जागी तर मुळीच नाही.

डोहांत उतरणे सुरक्षित आहे का, याचे उत्तर त्या दिवशीच्या समुद्रावर अवलंबून आहे. लाट नसेल, ओहोटी असेल आणि हिरवा बावटा फडकत असेल, तर दहा वर्षांच्या पोहता येणाऱ्या मुलासाठी आतल्या बाजूचे डोह उत्तम आहेत. पाणी काचेसारखे स्वच्छ असते, छोटे मासे आणि खेकडे दिसतात. डिसेंबरअखेर पाण्याचे तापमान २० अंशांच्या आसपास असते, म्हणजे पहिल्या उडीत अंग शहारते, पण पोहता येते. पिवळा बावटा असेल तर मी लहान मुलांना आत सोडत नाही. पालक कितीही म्हणाले तरी. लाल बावटा असेल किंवा वाटेवर साखळी लावलेली असेल, तर प्रश्नच मिटला. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बावटा नसणे याचा अर्थ परवानगी असा होत नाही, कारण हिवाळ्यात जीवरक्षक सर्व वेळ हजर असतीलच असे नाही. अशा वेळी वरच्या कठड्याशी निवांत वीस मिनिटे उभे राहून सगळ्यात मोठी लाट कुठवर येते ते पाहावे. बाहेरच्या कातळावरून पाणी उसळून आतल्या डोहात पडताना एकदा जरी दिसले, तरी त्या दिवशी पोहणे सोडून द्यावे. भरतीच्या वेळी हा धोका वाढतो, कारण उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो आणि ओहोटीला लाट अडवणारा कातळ भरतीला पाण्याखाली जातो.

मी अतिशयोक्ती करीत आहे असे वाटू नये म्हणून एक उदाहरण देतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अशाच दूरच्या लाटांनी या उत्तर किनाऱ्याला झोडपले. ताकोरोंते भागातील समुद्रालगतच्या एका इमारतीचे सज्जे लाटांनी उखडले, गाराचिकोतही पाणी किनाऱ्यावरच्या घरांपर्यंत चढले आणि रहिवाशांना हलवावे लागले. अशा दिवसाचा इशारा बहुतेक वेळा आधीच मिळतो. स्पेनची हवामान संस्था आएमेत किनारपट्टीसाठी पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देते. त्यांच्या संकेतस्थळावर उत्तर तेनेरीफेसाठीचा समुद्राचा अंदाज आदल्या दोन दिवसांत रोज पाहावा. त्यात लाटेची उंची आणि दोन लाटांमधील सेकंद असे दोन आकडे महत्त्वाचे. उंची दीड मीटरच्या आत आणि अंतर दहा सेकंदांपेक्षा कमी असेल तर मी डोहांचा बेत करतो. उंची तेवढीच पण अंतर चौदा-पंधरा सेकंदांवर गेले असेल तर करीत नाही, कारण लांब अंतराची लाट किनाऱ्याशी येऊन दिसते त्यापेक्षा पुष्कळ जास्त पाणी ढकलते. हा माझा कामापुरता ठोकताळा आहे. बावटा आणि जागेवरच्या माणसाचा शब्द त्याच्यापेक्षा नेहमी वरचा.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की २७ तारीख सोडून द्यावी. पाच रात्रींमधील चार पूर्ण दिवसांपैकी कोणताही एक दिवस उत्तरेसाठी राखावा आणि तो तिथे पोहोचल्यावर, अंदाज पाहून ठरवावा. ज्या गोष्टींचे आरक्षण आधीच करावे लागते, उदाहरणार्थ तेइदेचा रोपवे, त्या गोष्टींमुळेच बेत आखडतो, म्हणून असे आरक्षण एकाच दिवसापुरते ठेवावे. तेइदेवरही वाऱ्यामुळे रोपवे बंद पडतो आणि हिवाळ्यात बर्फामुळे कधीकधी वरचे रस्ते बंद होतात, तेव्हा तो दिवसही पूर्णपणे आपल्या हातात नसतोच.

दुसरा सल्ला मास्काविषयी. तो या दिवसातून काढून टाकावा. मास्का सुंदर आहे याबद्दल वाद नाही. परंतु सांतियागो देल तेइदेपासून तिथे उतरणारा घाट अरुंद आणि इतक्या वळणांचा आहे की समोरून बस आली की एकाला मागे सरावे लागते. गाड्या उभ्या करायला जागा फार कमी, आणि नाताळच्या सुट्टीत ती सकाळीच भरून जाते. आपण उजव्या बाजूने गाडी चालवायला नवे असाल तर पहिला धडा तिथे घेऊ नये. शिवाय आईंना मास्कात गाडीतून उतरून उताराच्या दगडी वाटेने चालावे लागेल, आणि गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. त्या दिवसाचा उजेडही मर्यादित असतो; डिसेंबरअखेर सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. तीन ठिकाणे एका दिवसात बसवली तर तिन्ही ठिकाणी गाडी लावण्याची जागा शोधण्यातच वेळ जाईल.

त्याऐवजी असा मार्ग सुचवतो. कोस्ता आदेखेहून महामार्गाने सांतियागो देल तेइदे, तिथून सुमारे ११०० मीटर उंचीची एर्होसची खिंड ओलांडून एल तांके, आणि मग खाली गाराचिको. न थांबता हा प्रवास साधारण सव्वा तासाचा आहे. खिंडीत धुके आणि रिमझिम भेटली तर परत फिरू नये. हा ईशान्य वाऱ्यांनी आणलेला ढगांचा थर मधल्या उंचीवर असतो आणि त्याच्याखाली किनाऱ्यावर बऱ्याचदा स्वच्छ उजेड असतो. एल तांकेच्या बाजूने उतरताना वर एक दर्शनस्थळ आहे. तिथे आईंना गाडीतून उतरवून पाच मिनिटे थांबावे, कारण संपूर्ण गावाचा आकार तिथूनच उमगतो. गाडलेल्या खाडीवर पसरलेला काळा कातळी मंच, त्यावर दाटीने वसलेली कौलारू घरे आणि समोर पाण्यात उभा असलेला एकाकी सुळका. त्यानंतरची वळणे सावकाश घ्यावीत. मुलाला गाडी लागत असेल तर त्याला पुढच्या आसनावर बसवण्यासाठी उंचीचे नियम काय आहेत ते गाडी देणाऱ्यालाच विचारून घ्यावे आणि लागणारे बालआसन आधी मागून ठेवावे.

गावात पोहोचल्यावर गाडी समुद्रालगतच्या रस्त्यावर किंवा तिथल्या वाहनतळावर लावावी आणि चालायला लागावे. जुना भाग बहुतेक सपाट आहे, रस्ते मात्र दगडी फरसाचे आहेत. सोळाव्या शतकातला सान मिगेलचा छोटा किल्ला समुद्राच्या अगदी काठावर आहे. १७०६ च्या लाव्हाने त्याला वगळले. आत, जुन्या बंदराची वेस म्हणजे पुएर्ता दे तिएर्रा, एका लहान बागेत आजच्या रस्त्याच्या पातळीखाली उभी आहे. एकेकाळी तिच्यातून उतरले की धक्का लागायचा. आता भोवती झाडे आहेत आणि समुद्र पार पलीकडे गेला आहे. लाव्हाने जमीन किती वर आणली हे मुलाला समजावण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. त्या बागेत उतरायला पायऱ्या आहेत, पण वरून कठड्याशी उभे राहूनही वेस दिसते. पुढे सांता आनाचे देऊळ, फ्रान्सिस्कन मठाची इमारत आणि मोठ्या झाडांच्या सावलीतला चौक. या चौकात आईंना कॉफी देऊन बसवावे आणि आपण मुलाला घेऊन डोहांकडे जावे; अंतर काही मिनिटांचेच आहे. त्यांना कातळावरच्या वाटेने नेण्याचा आग्रह धरू नये. वरच्या फरसबंद रस्त्यावरून डोह पूर्ण दिसतात.

समुद्र खवळलेला निघाला तरी दिवस वाया गेला असे समजण्याचे कारण नाही. खरे सांगायचे तर मोठ्या लाटांच्या दिवशी रस्त्यावर, दूर आणि उंचावर उभे राहून गाराचिको पाहणे हा वेगळाच अनुभव आहे, फक्त समुद्रालगतच्या भिंतीपासून लांब राहावे आणि पोलिसांनी रस्ता अडवला असेल तर वाद घालू नये. मुलाला पाण्यात खेळायचेच असेल तर इकोदच्या खाली सान मार्कोसचा काळ्या वाळूचा किनारा थोडा आडोशाला आहे. तोही बावटा पाहूनच. इकोदचा ड्रॅगन वृक्ष गाराचिकोपासून गाडीने पंधरा मिनिटांवर. तो हजार वर्षांचा असल्याचे लोक सांगतात. वयाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, मात्र झाड थोर आहे यात शंका नाही. बागेत पैसे भरून जाण्यापूर्वी शेजारच्या देवळाच्या चौकातून ते फुकट आणि पुरेसे चांगले दिसते, हे सांगून ठेवतो. इकोदच्या वरच्या बाजूला कित्येक किलोमीटर लांबीची लाव्हाची गुहा आहे, परंतु तिथे मार्गदर्शकासोबतच आणि आधी आरक्षण करूनच जाता येते, वाट खडबडीत आहे, आईंसाठी ती योग्य नाही.

गाडी चालवायची नसेल तर बसचाही पर्याय आहे. कोस्ता आदेखेहून इकोदपर्यंत ४६० क्रमांकाची बस जाते आणि इकोदहून गाराचिकोमार्गे बुएनाविस्ताला ३६३ क्रमांकाची बस मिळते. सणाच्या दिवशी फेऱ्या कमी असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून घ्यावी. गाडी घेणार असाल तर भारतातील वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणावा. तो इथे आल्यावर मिळत नाही.

थोडक्यात, दिवस समुद्र पाहून ठरवा, मास्का गाळा, सकाळी साडेआठला निघून साडेदहापर्यंत गाराचिकोत पोहोचा, ओहोटीची वेळ साधून डोह पाहा, दुपारी जेवून इकोद आणि उजेड असतानाच परत. पाचपैकी शेवटच्या दोन रात्री दक्षिणेऐवजी गाराचिकोत किंवा पुएर्तो दे ला क्रूझमध्ये काढणे शक्य असेल तर ते सर्वांत उत्तम, कारण मग भरती-ओहोटीची वाट पाहता येते. पण हॉटेलचे पैसे परत मिळणार नसतील तर त्यासाठी जिवाचा आटापिटा करण्याची गरज नाही.

जेवणाबद्दल आपण विचारले नाही, तरी आई शाकाहारी असतील असे धरून लिहितो. मीठ लावून उकडलेले सुरकुतलेले छोटे बटाटे आणि त्यांच्यासोबत कोथिंबिरीचा हिरवा मोहो, म्हणजे चटणीसारखा सॉस, सर्वत्र मिळतो, भाजलेले बकरीचे चीजही. मात्र पालेभाजीचे किंवा हरभऱ्याचे म्हणून जे दाट सूप येते त्यात बहुधा डुकराचे मांस असते, आणि गोफियो हे भाजलेल्या धान्याचे पीठ माशाच्या किंवा मांसाच्या रश्श्यात कालवून देतात; नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, रस्सा कशाचा हे विचारावे. स्वयंपाकघरे दुपारी एक ते चारच्या दरम्यान चालू असतात, त्यानंतर संध्याकाळपर्यंत काही मिळेलच असे नाही. या वायव्य पट्ट्यातील काही गावांत ज्वालामुखीच्या खडकामुळे नळाच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असते, तेव्हा मुलासाठी बाटलीबंद पाणी घ्यावे. २४ तारखेची संध्याकाळ, २५ डिसेंबर आणि १ जानेवारी या दिवशी लहान गावांतील बहुतेक खाणावळी बंद असतात. आपला उत्तरेचा दिवस यांपैकी एखाद्यावर आलाच, तर सकाळी हॉटेलातून पोळ्या किंवा सँडविच बांधून घेऊन निघावे.